यादीत नसलेली नावे

आमची शाळा जिल्हास्तरीय शालेय ज्युदो स्पर्धेला प्रत्येक वजनगटात एकच खेळाडू पाठवते. गणपती विसर्जन आटोपले की दोन-तीन दिवस निवड लढती घ्यायच्या, रात्री घरी बसून यादी करायची, सकाळी प्रार्थनेच्या आधी ती सूचनाफलकावर लावायची आणि शिक्षक खोलीत जाऊन बसायचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. मुले फलकाभोवती जमत, बोट फिरवून आपापले नाव शोधत आणि ज्यांना ते सापडत नसे ती काही न बोलता वर्गात जात. पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत मी बाहेर पडत नसे. यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही, कारण यादी लढतींवरूनच झालेली असे आणि तिच्यात मी कोणाची शिफारस कधी चालू दिली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ४४ किलोखालच्या गटात दोन मुली होत्या. एक पिठाच्या गिरणीवाल्यांची आणि दुसरी कोतवालांची. सातवीपासून दोघी एकमेकींच्याच जोडीदार होत्या. गिरणीवाल्यांच्या मुलीने निवड लढत जिंकली, मी तिचे नाव लिहिले, यादी लावली आणि नेहमीप्रमाणे आत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी कोतवालांचा धाकटा मुलगा एक पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पिशवीत शाळेने तिला दिलेला ज्युदोचा गणवेश होता. तो धुतलेला होता, त्याला इस्त्री केलेली होती, नीट घडी घालून वरून पट्टा बांधलेला होता आणि गाठही अगदी मी शिकवली होती तशीच चपटी होती. पोरगा म्हणाला, "बाईनं देल्ला." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. एवढे बोलून तो निघून गेला आणि त्यानंतर ती मुलगी सरावाला कधीच आली नाही.

जपानचे जगज्जेते ज्युदोपटू आणि पुढे तिथल्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झालेले कोसेई इनोउए यांच्याविषयी लिहायचे मनात येते तेव्हा मला आधी ती पिशवी आठवते, म्हणून सुरुवात तिथून केली. ज्युदोत जगज्जेते पुष्कळ झाले आणि त्यांतले बरेच जण पुढे प्रशिक्षकही झाले. पण यादी करणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर मला इनोउए यांची कारकीर्द सर्वांत अधिक शिकण्यासारखी वाटते.

त्यांचा जन्म १९७८ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील मियाझाकी प्रांतात झाला. वडील पोलिसांत होते आणि तेच त्यांचे पहिले गुरू. पुढे ते तोकाई विद्यापीठात गेले. यासुहिरो यामाशिता तिथलेच. सलग २०३ लढतींत अपराजित राहून निवृत्त झालेला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पोटरीचा स्नायू फाटलेला असताना सुवर्णपदक घेणारा हा माणूस नंतर जपानचा राष्ट्रीय प्रशिक्षकही झाला. म्हणजे विजेत्याने गुरू होण्याची वाट इनोउए यांच्या डोळ्यांसमोर आयतीच होती.

त्यांचा डाव उचिमाता. आपल्या आखाड्यात टांग मारतात तिचीच ही जपानी चुलत बहीण म्हणावी लागेल. उजव्या हातात प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि डाव्या हातात त्याची बाही असते. बाही स्वतःकडे आणि वर अशी ओढायची की मनगटावरचे घड्याळ पाहतो आहोत असे वाटावे. मी मुलांना हेच सांगतो, "घड्याळ पाय, किती वाजले ते सांग." समोरचा त्या ओढीने चवड्यांवर आला की त्याच क्षणी वळून त्याला पाठ द्यायची आणि उजवा पाय त्याच्या दोन पायांमधून मागे व वर असा झाडायचा की त्याची मांडी आपल्या मांडीवर चढून तो हवेत फिरावा. नवख्याची चूक नेहमी एकच असते, ती म्हणजे ओढण्याआधीच पाय झाडणे. तसे केले की समोरचा जागचा हलत नाही आणि आपणच एका पायावर उभे राहून मागे कोलमडतो. इनोउए यांची ओढ आणि वळण यांच्यात फट दिसत नसे. त्यांच्या लढतींच्या चित्रफिती मी मोबाइलवर कितीही सावकाश लावून पाहिल्या तरी समोरच्याचा तोल नेमका कोणत्या क्षणी गेला ते मला आजही दाखवता येत नाही.

१९९९ च्या जूनमध्ये त्यांची आई अचानक गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला ते प्रथम जगज्जेते झाले आणि पुढच्या वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये १०० किलो गटातल्या पाचही लढती त्यांनी इप्पोनने, म्हणजे आपल्या भाषेत चितपट करून, जिंकल्या. अंतिम लढतीत कॅनडाच्या निकोलस गिलला त्यांनी उचिमातानेच पाडले आणि पदक घ्यायला ते आईची तसबीर हातात धरून चढले. त्यानंतर २००१ आणि २००३ मध्ये आणखी दोन जागतिक अजिंक्यपदे आली. सलग तीन वर्षे त्यांनी अखिल जपान स्पर्धाही जिंकली. या स्पर्धेत वजनगट नसतात. आपल्याकडच्या किताबाच्या कुस्तीसारखी ती एकाच माणसाला मोठा ठरवते, आणि जपानात तिचा मान ऑलिम्पिकच्या तोडीचा समजतात.

मग २००४ चे अथेन्स आले. जपानच्या संपूर्ण पथकाचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. उपांत्यपूर्व लढतीत नेदरलँड्सच्या एल्को व्हान डर गेस्टने त्यांना पाडले, पुनःसंधीच्या फेरीत अझरबैजानच्या मल्लाकडून ते पुन्हा हरले आणि पदकाविनाच परतले. त्यानंतर छातीच्या स्नायूची मोठी दुखापत झाली, वजनगट वाढवून पाहिला, पण २००८ च्या बीजिंगची वाट बंद झाली आणि ते निवृत्त झाले. तिसाव्या वर्षी संपलेल्या या कारकिर्दीकडे विजयांच्या बाजूने पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र असे वाटते की अथेन्सच्या त्या एका दिवसाने त्यांना जे दिले ते सिडनीने दिले नव्हते, कारण ज्याला सगळे जग अजिंक्य समजत होते तो माणूस त्या दिवशी एकदा नव्हे, दोनदा चित झाला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ते सुमारे दोन वर्षे ब्रिटनमध्ये जाऊन राहिले, इंग्रजी शिकले आणि बाहेरचे लोक ज्युदो कसा खेळतात आणि कसा शिकवतात ते पाहत राहिले. ज्या देशाने हा खेळ निर्माण केला तिथल्या जगज्जेत्याने परक्या देशात विद्यार्थी होऊन राहणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे तालुक्याची कुस्ती जिंकलेला गडीसुद्धा शेजारच्या गावच्या वस्तादाकडे दोन दिवस जायला तयार होत नाही, आणि हे मी स्वतःवरूनही सांगू शकतो.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या पुरुष संघाला ज्युदोत एकही सुवर्णपदक मिळाले नाही. १९६४ मध्ये तोकियोत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हापासून जपान ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये उतरला त्यांत असे प्रथमच घडत होते. त्या वेळी मुख्य प्रशिक्षक शिनइची शिनोहारा होते. सिडनीत इनोउए यांच्या सुवर्णाच्या दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या दाव्हिद दुइयेविरुद्ध ते अंतिम लढत हरले होते आणि त्या निकालावरून आजही वाद होतात. शिनोहारा यांनी पंचांना दोष दिला नाही, आपणच कमी पडलो असे म्हणून ते बाजूला झाले. मला हा माणूस फार आवडतो. पण उत्तम खेळाडू आणि सरळ मनाचा माणूस असणे हे राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून पुरत नाही, हे लंडनने दाखवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते पद चौतीस वर्षांच्या इनोउए यांच्याकडे आले. लंडनच्या पथकात तेही प्रशिक्षकांपैकी एक होते, त्यामुळे त्या पराभवातला आपला वाटा घेऊनच ते त्या खुर्चीवर बसले.

नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे २०१३ च्या जानेवारीत, जपानच्या महिला संघातल्या पंधरा खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकांकडून मारहाण होत असल्याची तक्रार केल्याचे उघड झाले आणि महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या मुली इतके दिवस गप्प का राहिल्या असतील याचा मी पुष्कळ विचार केला. ज्याच्या हातात यादी असते त्याच्या विरोधात तोंड उघडणे सोपे नसते, एवढेच त्याचे कारण मला दिसते. आमच्या शाळेतसुद्धा निवडीच्या आठवड्यात मुले माझ्या गाडीची सीट पुसून ठेवतात. मी त्यांना तसे कधी सांगितलेले नाही, पण कित्येक वर्षे नको असेही म्हटले नव्हते.

इनोउए यांनी संघात जे बदल केले त्यांतले दोन इथे सांगण्यासारखे आहेत. एक म्हणजे वजनगटांची जबाबदारी त्यांनी वेगवेगळ्या प्रशिक्षकांवर सोपवली आणि ताकदीच्या व्यायामासाठी त्यातले जाणकार आणले. ज्याने त्याने पहाटे उठून धावत सुटायचे, ही जुनी पद्धत मागे पडली. दुसरा बदल मला अधिक जवळचा वाटतो. आजचा ज्युदो हा जगभरच्या कुस्त्यांचा मिळून झालेला आहे असे ते म्हणत आणि म्हणून त्यांनी आपल्या खेळाडूंना रशियातला साम्बो, ब्राझीलचे जिउ-जित्सू आणि ओकिनावा बेटावरची कुस्तीसुद्धा शिकायला लावली.

कुस्ती आणि ज्युदो यांचे नाते आमच्या भागात रोजच्या अडचणीचे आहे. माझ्याकडे येणारी निम्मी मुले आधी हनुमान जयंतीच्या आणि पोळ्याच्या दंगलीत उतरलेली असतात. त्यांच्या अंगात पट मुरलेला असतो, समोरचा उभा दिसला की हात थेट त्याच्या पायाला जातो. जागतिक संघटनेने २०१० मध्ये पाय धरण्यावर निर्बंध आणले आणि २०१३ पासून तो संपूर्ण बंद केला. २०१५ मध्ये माझा एक मुलगा विभागीय स्पर्धेत सहज पुढे होता. सवयीने त्याने एकेरी पट काढला, समोरच्याला अलगद उचलून आपटले, हात वर केले आणि पंचांनी त्यालाच बाद ठरवले. तो मॅटवरच बसून राहिला. त्याचे वडील गॅलरीतून ओरडत होते, "चित केला ना बे, अजून काय पायजे?" चूक माझी होती, कारण पट काढायचा नाही हे मी त्याला शंभर वेळा सांगितले होते, पण त्याऐवजी हाताने काय करायचे हे पुरेसे शिकवले नव्हते. इनोउए यांच्याविषयी वाचताना लक्षात आले की त्यांनी कुस्तीची सवय हा दोष मानलाच नसता. उचलण्याची ती ताकद त्यांनी कमरेच्या डावात वळवून घेतली असती. त्यानंतर मी धोबीपछाड येणाऱ्या मुलांना सरळ सेओई-नागे शिकवू लागलो, कारण तिथे खांद्यावरून फेकण्याची समज आधीच असते, फक्त पकड गळ्याऐवजी गणवेशाला घालायची असते.

सेओई-नागे हा माझा स्वतःचा डाव. मी पाच फूट तीन इंचांचा, त्यामुळे खाली शिरून फेकणे मला सोपे जाई, राज्य स्पर्धेपर्यंत मी त्याच एका डावावर पोचलो आणि शिक्षक झाल्यावर कितीतरी वर्षे उंच, लांब पायांच्या मुलांनाही तोच डाव घोटायला लावत राहिलो. त्यांना गुडघे इतके वाकवावे लागत की ती बिचारी उठताना थरथरत. २०२१ मध्ये तोकियोत जपानच्या पुरुषांनी पाच सुवर्णपदके जिंकली तेव्हा मी त्या पाचही अंतिम लढती वहीत नोंदवत पाहिल्या होत्या. नाओहिसा ताकातोचा प्रतिस्पर्धी तिसऱ्या ताकिदीने बाद झाला. हिफुमी आबेने ओसोतो-गारीने गुण घेतला, शोहेई ओनोने पायाच्या सासाए डावाने, ताकानोरी नागासेने ताइ-ओतोशीने आणि आरोन वुल्फने ओउची-गारीने. उचिमाता एकाही अंतिम लढतीत निर्णायक ठरला नाही. जगात ज्याच्या नावाने तो डाव ओळखला जाई त्या माणसाने घडवलेल्या पाच जणांनी पाच वाटांनी सुवर्ण आणले, हे मला त्या पाच पदकांपेक्षाही मोठे वाटले. वहीतल्या त्या पानाखाली मी माझ्या उंच मुलांची नावे लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सेओई-नागे बंद केला.

त्या पाचांतल्या ताकातोची एक गोष्ट आहे. २०१४ मध्ये तो परदेश दौऱ्यावर वारंवार उशिरा येऊ लागला. त्याच्यावर कारवाई होऊन त्याची श्रेणी खाली आणण्यात आली. इनोउए यांनी मात्र त्याला वेठीस धरले नाही, स्वतःचे डोके भादरून घेतले. शिष्य चुकला तर लाज गुरूची, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मुंडनाचा अर्थ वेगळा असल्यामुळे हे मी शाळेत सांगितले तेव्हा मुले आधी दचकली आणि मग एकाने विचारले, "सर, आमी उशिरा आलो तं तुमी बी टक्कल करान का?" त्याला उत्तर देणे मी टाळले, पण पुढचा आठवडाभर सगळे वेळेवर आले. ताकातोने २०१६ च्या रिओत कांस्य घेतले. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या सातही वजनगटांतल्या पुरुषांनी पदके मिळवली, त्यांत दोन सुवर्ण होती. लंडनच्या शून्यानंतर चार वर्षांतली ही मजल होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऑलिम्पिकमध्ये एका वजनगटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो. जपानात एकेका गटात जगज्जेतेपदाच्या तोडीचे दोन-तीन जण असतात, त्यामुळे राष्ट्रीय प्रशिक्षकाचे खरे अवघड काम निवडण्यापेक्षा वगळण्याचे असते. २७ फेब्रुवारी २०२० रोजी तोकियोसाठी निवडलेल्या खेळाडूंची नावे जाहीर करायला इनोउए पत्रकारांसमोर बसले. निवडलेल्यांबद्दल काय वाटते असे विचारल्यावर ते थांबले आणि थोडक्यात हुकलेल्यांचेच चेहरे आपल्या डोळ्यांसमोर येत आहेत असे सांगताना त्यांना रडू आवरले नाही. शंभर किलोचा तो गडी, गडद कोटात, गळ्यात टाय, समोर डझनभर माइक, आणि डोळ्यांतून पाणी वाहते आहे. भाषा कळत नसूनही मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. त्यांनी हुकलेल्या खेळाडूंची नावेही घेतली. माझ्या यादीत न बसलेल्यांची नावे मी एकदाही उच्चारलेली नव्हती, हे मला तेव्हा उमगले.

६६ किलो गटाचा निर्णय त्या दिवशी झालाच नव्हता. हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा हे दोघे इतके तुल्यबळ होते की अखेर १३ डिसेंबर २०२० रोजी कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या तोकियोतल्या मूळ संस्थेत, प्रेक्षकांशिवाय, दोघांची एकच लढत लावण्यात आली. नियमित लढत चार मिनिटांची असते, ही चोवीस मिनिटे चालली. आबे जिंकला आणि पुढे ऑलिम्पिक सुवर्णही त्यानेच आणले. मारुयामा २०१९ चा जगज्जेता होता, २०२१ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षीचे ऑलिम्पिक आपल्याच देशात होत असताना त्याला त्यात जागा नव्हती. चोवीस मिनिटे म्हणजे किती, हे समजावे म्हणून मी एकदा नववीच्या दोन मुलांना खेळवत घड्याळ लावले. सहाव्या मिनिटाला दोघांचीही बोटे पकड सोडू लागली आणि नवव्या मिनिटाला मीच त्यांना थांबवले.

तोकियोनंतर इनोउए पायउतार झाले आणि संघ केइजी सुझुकी यांच्या हाती गेला. सुझुकी अथेन्सचे सुवर्णविजेते आणि एके काळचे इनोउए यांचेच प्रतिस्पर्धी.

आपल्या देशाची यादी याच्या अगदी उलट आहे. लंडनला गरिमा चौधरी, रिओला अवतार सिंग, तोकियोला सुशीला देवी आणि पॅरिसला तुलिका मान, असा सलग चार ऑलिम्पिकमध्ये ज्युदोत भारताचा एकेकच खेळाडू उतरला. जिथे पोचणारा एकच असतो तिथे वगळण्याचे दुःखही मैदानापासून लांब, कुठेतरी खालच्या पायरीवर, घडून गेलेले असते. राष्ट्रीय प्रशिक्षक होण्याची वाट आपल्याकडे बहुधा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या पदविकेवरून जाते. जीवन शर्मा यांना २०१८ मध्ये ज्युदोसाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सुशीला देवीने ग्लासगो आणि बर्मिंगहॅम अशा दोन राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदके घेतली. आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने कांस्य जिंकून ज्युदोतले भारताचे पहिले पॅरालिम्पिक पदक आणले. तो सिहोरचा, म्हणजे आमच्या मेळघाटापलीकडचा शेजारीच. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या पंपाला हात लागून त्याला विजेचा जबर धक्का बसला होता. आमच्या गावात मोटारीच्या धक्क्याची गोष्ट नसलेले घर विरळाच, त्यामुळे त्याचे पदक इथे जितके समजले तितके दुसरे कोणतेच समजले नाही. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लढत पकड घेऊनच सुरू होते. त्या दिवसापासून शनिवारी मी मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून सराव घेतो, आणि उघड्या डोळ्यांनी समोरच्याच्या पायांकडेच पाहत राहणारी पट-वाली पोरे रुमाल बांधल्यावर अधिक चांगले खेळतात.

सराव समाजमंदिरात होतो. स्पर्धेतल्या मॅट आमच्याकडे नाहीत. जिनिंगमधून आणलेली टाकाऊ रुई पोत्यांत ठासून भरली आहे, पोती एकमेकांना शिवली आहेत आणि वरून ताडपत्री ताणून चारी बाजूंनी दोरीने बांधली आहे. उजव्या कोपऱ्यातली रुई दबून तिथे खड्डा झाला आहे. त्या कोपऱ्यात कोणी कोणाला पाडायचे नाही, हा मुलांनी आपसांत केलेला नियम आहे आणि नवीन आलेल्याला तो पहिल्याच दिवशी सांगितला जातो. बाहेरच्या कडुनिंबाला सायकलच्या जुन्या ट्यूब बांधल्या आहेत. एकट्याने उचिकोमी, म्हणजे न फेकता फक्त शिरण्याचा सराव, करायचा तो त्या ट्यूब ओढून. यावर्षी मॅटसाठी अर्ज केला आहे, गेल्या वर्षीही केला होता.

यंदा १४ वर्षांखालच्या मुलांत, ३५ किलोच्या गटात, पुन्हा दोघे अटीतटीचे निघाले. त्यांतला एक कोतवालांचा तो धाकटा, ज्याने तीन वर्षांपूर्वी पिशवी आणली होती. तो हरला. रात्री मी यादी केली, पण सकाळी ती फलकावर न लावता खिशातच ठेवली. तो शाळेत आला नव्हता, घरी सोयाबीनची सोंगणी होती. दुपारी मधल्या सुट्टीत मी गाडी काढली आणि नाल्याकडच्या धुऱ्याने त्यांच्या वावरापर्यंत गेलो.

तिघे एका ओळीत बसून सोंगत होते. कोतवाल उठून उभे राहिले, हात पुसत म्हणाले, "सर, तुमी कायले आले इतक्या उन्हात? निरोप धाडला असता." बहीण उठली नाही. ती आता तालुक्याच्या कॉलेजात बारावीला आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मूठ धरून विळा चालवू लागली. वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ आवाज तेवढा येत राहिला.

मी मुलाला धुऱ्यावर बोलावून सांगितले की तुझे नाव यादीत नाही, लढतीत शेवटच्या मिनिटाला तुझी डाव्या हाताची पकड सुटली, दुसऱ्याने ती साधली, आणि म्हणून मी त्याचे नाव लिहिले आहे. हे सगळे मी वाटेत चारदा मनाशी म्हणून ठेवले होते, तरी म्हणताना माझा आवाज नीट लागला नाही. त्याने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत तो बराच वेळ उभा राहिला. मला बहिणीशीही बोलायचे होते, पण तोंडातून निघाले ते एवढेच, "बारावीचा अभ्यास कसा चालू आहे?" ती म्हणाली, "चालू हाय सर," आणि पुढच्या मुठीला हात घातला.

मी गाडी वळवत होतो तेव्हा पोरगा मागून धावत आला.

"सर, जिल्ह्याले जाईलोक त्याचा सराव कोनासंगं घ्याल?"

"अजून ठरवलं नाही."

"माह्यासंगं घ्या. त्याची डावी बाजू कच्ची हाय, मले मालूम हाय. मी तिकडूनच शिरतो, मंग शिकते तो." मग मागे पाहून त्याने आवाज खाली केला, "पन तीन दिवस थांबा. इतलं सोंगून होऊ द्या."